बालोद्यान ते 'स्पर्श': मुलांशी बोलणारी माणसं दिग्दर्शक होतात तेव्हा

खिडकीतला बाक

मुलांच्या कार्यक्रमात निवेदन करणारं कुणी सिनेमा करायला निघालं की लोकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'चेहरा ओळखीचा आहे ना, म्हणून निर्माता मिळाला.' असेलही. पण माझं म्हणणं असं, की लहान मुलांसमोर वर्षानुवर्षं बोलणं ही दिग्दर्शनाची तालीम असते आणि चेहऱ्याचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. कामाला येतो तो कान. पोराने काय उत्तर दिलं ते खरंच ऐकणं आणि पुढचा प्रश्न त्याच्या उत्तरातून काढणं.

उदाहरण घरचंच घेते. सई परांजपे. पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून सुरुवात, आणि लवकरच मुलांचा कार्यक्रम, 'बालोद्यान'. (तिथले 'नाना' म्हणजे गोपीनाथ तळवलकर. जुन्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको.) मग राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९६३ ची पदवी. मग दिल्ली दूरदर्शनमध्ये बरीच वर्षं निर्मिती-दिग्दर्शन. १९७२ मध्ये टीव्हीसाठी केलेल्या 'द लिटल टी शॉप'ला तेहरानमध्ये पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई केंद्र सुरू झालं, त्याचा उद्घाटनाचा कार्यक्रम बाईंकडेच. सत्तरच्या दशकात दोनदा चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीचं अध्यक्षपद. सोसायटीसाठी 'जादू का शंख' (१९७४) आणि 'सिकंदर' (१९७६). आणि मग १९८० चा 'स्पर्श'.

हा क्रम बघा. मोठ्यांसाठीच्या पहिल्या सिनेमाला हात घालेपर्यंत मुलांसाठी रेडिओ, रंगभूमी आणि पडदा असं तिन्ही करून झालं होतं. तरी त्यांच्याबद्दल लिहिताना ही सगळी वर्षं दोन ओळींत उरकतात आणि थेट 'चश्मे बद्दूर'मधल्या मिस चमकोवर येतात. मला तर वाटतं, मिस चमको घरोघरी कपडे धुण्याची पावडर विकत फिरते, ते प्रात्यक्षिक म्हणजे मुलांच्या कार्यक्रमातला 'चला, आज आपण करून बघू या'वाला भागच आहे! बादली, पाणी, पावडर, समोर प्रेक्षक एकच, आणि तोही लाजून अर्धा झालेला.

तर प्रश्न असा: मुलांच्या कार्यक्रमातून दिग्दर्शनात येताना नेमकं काय बरोबर येतं आणि काय टाकून द्यावं लागतं? देशी-विदेशी कुठलीही उदाहरणं चालतील. या क्षेत्रातली मंडळी इथे आहेत हे ठाऊक आहे, त्यांनी लिहावं.

टिकलीवाली

वाचखूण साठवली. आमच्याकडे टीव्ही होता तो वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. 'किलबिल' लागायचं तेव्हा त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. बाकी चर्चेतलं मला काही कळत नाही, पण वाचतेय.

शटर_बंद

लेख चांगला आहे, पण उदाहरणाचा पाया जरा सरकलाय. सई परांजपे मुलांसमोर बोलल्या त्या रेडिओवर. दूरदर्शनवर त्या कॅमेऱ्याच्या मागे होत्या. तुमचा प्रश्न पडद्यावरच्या निवेदकाबद्दल आहे, आणि ती जात वेगळी.

टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्याला पहिलं शिकवतात ते लेन्समध्ये बघायला. लेन्स म्हणजे घरी बसलेलं एक मूल, त्याच्याशी बोला. ही सवय हाडात मुरते. आणि सिनेमात लेन्समध्ये बघणं हीच पहिली बंदी. अशा माणसाने लिहिलेली पटकथा बघा, प्रत्येक पात्र प्रेक्षकाला समजावून सांगत असतं. 'तर मित्रांनो' एवढंच म्हणायचं बाकी ठेवतात.

खिडकीतला बाक

@शटर_बंद, रेडिओ होता हे मी पहिल्याच परिच्छेदाच्या खाली लिहिलंय हो. आणि रेडिओ होता म्हणूनच ते उदाहरण घेतलं.

'स्पर्श'ची सुरुवात आठवा. अनिरुद्ध, अंधशाळेचा मुख्याध्यापक, डॉक्टरकडे निघालाय. वाटेत गाणं ऐकू येतं आणि तो भलत्याच दाराशी जाऊन उभा राहतो. नायक-नायिकेची पहिली भेट कानावाटे होते. हिंदी सिनेमात नायिकेची एंट्री म्हणजे ओढणी, वारा, झाडामागून डोकावणं. इथे ती आधी फक्त आवाज आहे. नायकाला दिसत नाही म्हणून तसं, हे कथेतलं कारण झालं. पण हा प्रसंग इतक्या सहज सुचायला ज्या बाईने नुसत्या आवाजावर पोरांना घटकाभर बसवून ठेवलंय तिचाच हात लागतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पटकथेचा पुरस्कार 'स्पर्श'साठी त्यांना मिळाला, तो उगाच नाही.

शिवाय त्यातली मुलं. चित्रण दिल्लीच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या आवारात झालं. त्या मुलांना पडद्यावर कुठे 'गोड' केलेलं नाही, कुठे रडवलेलं नाही. अनिरुद्धला 'बेचारा' शब्दाचा जो संताप आहे तो दिग्दर्शिकेलाही असावा असं वाटत राहतं. ज्याने रोज मुलं हाताळली आहेत त्याला पोरांचा कळवळा दाखवायची हौस उरत नाही.

समजावून सांगण्याचा मुद्दा मात्र मान्य. त्या रोगावर कुणाकडे औषध असेल तर लिहा.

पीसीआर_वाले_काका

बरीच वर्षं स्टुडिओत काढली, आता निवृत्त. केंद्राचं आणि माणसांची नावं घेणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलतो.

मुलांचा कार्यक्रम थेट जायचा तेव्हा निवेदिकेचं काम काय असतं, हे घरी बसून कळत नाही. फ्लोअरवर तीन कॅमेरे. वर पॅनलवर, म्हणजे नियंत्रण कक्षात, निर्माता आणि व्हिजन मिक्सर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बटणाने ठरवणारा). टॉकबॅकवरून, म्हणजे कानातल्या फोनवरून, निर्माता फ्लोअर मॅनेजरला ओरडतोय, फ्लोअर मॅनेजर बोटांनी मिनिटं दाखवतोय, तीन, दोन, आवरा. बाईंच्या समोर पंधरा पोरं. त्यातल्या एकाला सू लागलीय, एक कॅमेऱ्याकडे बघून आईला हात करतोय, आणि जिने कविता म्हणायची ती ऐन वेळी गप्प. या सगळ्यात चेहऱ्यावर हसू ठेवून वेळेवर बाहेर पडायचं. एकाच वेळी चार गोष्टींवर लक्ष ठेवण्याची ही जी सवय आहे ती दिग्दर्शकाला सोन्याची.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एक बाई होत्या. एका मुलाला त्यांनी विचारलं, "तुझ्या मांजरीचं नाव काय?" मुलगा गप्प. टॉकबॅकवर निर्माता, "पुढे चला, पुढे चला!" फ्लोअर मॅनेजरने हाताने गोल गोल खूण केली. बाईंनी ती पाहिली आणि पाहिली नाही. तशाच गुडघ्यावर बसून राहिल्या, त्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. पॅनलवर ती शांतता युगासारखी वाटते, साहेब. व्हिजन मिक्सरने काय अक्कल आली कुणास ठाऊक, दोन नंबरच्या कॅमेऱ्यावरचा क्लोज घेतला. मुलाचे ओठ हलत होते. मग तो म्हणाला, "मेली ती. नाव नाही सांगणार."

निर्माता नंतर बाईंवर जाम तापला. पण त्या दिवसाच्या कार्यक्रमातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच. दिग्दर्शन दिग्दर्शन म्हणतात ते मला तरी त्या थांबण्यात दिसलं. कधी 'पुढे चला' ऐकायचं नाही, हे ज्याला कळतं त्याच्या हाती सिनेमा द्यावा.

आता दुसरी बाजू. तीन कॅमेऱ्यांच्या स्टुडिओत संकलन जागच्या जागी होतं. बटण दाबलं, कट झाला, गेला. निवेदकाला आणि टीव्हीच्या निर्मात्यालाही एकच प्रसंग पाच ठिकाणांहून पाच वेळा घ्यायची सवय नसते. सिनेमात आलेल्या टीव्हीवाल्यांचं घोडं इथे अडतं. सगळं मध्यम अंतरावरून, सगळे रांगेत उभे, एक बोलला की दुसरा. कारण डोक्यात अजून फ्लोअर आहे. कॅमेरा उचलून आतल्या खोलीत न्यावा हे सुचतच नाही.

कावळोबा

काकांच्या प्रतिसादासाठी लॉगिन केलं. _/\_

पण बाक, तुमचा 'चेहरा कामाचा नाही' हा सिद्धांत मला जरा गोडगोड वाटतोय. तबस्सुम घ्या. लहानपणी बालनटी 'बेबी तबस्सुम', १९७२ पासून १९९३ पर्यंत 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', देशभर चेहरा माहीत, समोरच्याला बोलतं करण्यात हातखंडा. १९८५ मध्ये 'तुम पर हम कुर्बान' दिग्दर्शित केला. इथल्या किती जणांना तो सिनेमा आठवतो? जॉनी लिव्हरच्या सुरुवातीच्या दिवसांचं कुणी बोललं तर नाव निघतं, तेवढंच.

खिडकीतला बाक

कावळोबा, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय की! चेहरा होता, ओळखी होत्या, आणि तेवढ्याने भागलं नाही. शिवाय 'फूल खिले हैं' हा मुलाखतींचा कार्यक्रम, पाहुणे सगळे सिनेमातले, बोलण्यात तरबेज. पाहुण्याला बोलतं करणं आणि गप्प बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला बोलतं करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांजवात_७१

मंजू सिंग यांचं नाव कसं नाही आलं? दूरदर्शनवर 'खेल खिलौने' सात वर्षं. आम्हा पोरांची 'दीदी'. 'गोल माल'मध्ये अमोल पालेकरच्या बहिणीच्या भूमिकेतही दिसल्या. पुढे मात्र सिनेमा दिग्दर्शनाकडे न जाता टीव्हीच्या निर्मात्या झाल्या: 'शो थीम', 'एक कहानी', 'स्वराज'. 'एक कहानी'त वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या कथा छोट्या पडद्यावर आल्या, आज कोण करतं असं? २०२२ मध्ये गेल्या. धागा दिग्दर्शकांचा आहे हे कळतंय, पण मुलांच्या कार्यक्रमातून निघालेली वाट सिनेमापर्यंतच जायला हवी असं थोडंच आहे.

मोरपिशी

विदेशी चालतील म्हणालात म्हणून. फ्रँक ऑझ!

'सेसमी स्ट्रीट' (१९६९ पासून) या अमेरिकेतल्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या कुकी मॉन्स्टर, ग्रोव्हर, बर्ट या बाहुल्या याच्या हातातल्या आणि गळ्यातल्या. नंतर 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९८६), 'डर्टी रॉटन स्काउंड्रल्स' (१९८८) असे मोठ्यांचे विनोदी सिनेमे दिग्दर्शित केले. त्याआधी १९८२ मध्ये जिम हेन्सनबरोबर 'द डार्क क्रिस्टल'.

आता गंमत ऐका. हे लोक बाहुली डोक्याच्या वर धरून खाली उभे असतात आणि समोर मॉनिटर असतो. म्हणजे अभिनय करताना त्यांना चौकट कायम दिसत असते. पात्र चौकटीत किती डावीकडे आहे, मान किती वळवली की नजर बरोबर जाते, बाजूच्या पात्राला जागा किती उरते. नटाला हे कधीच दिसत नाही, तो कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असतो. वर्षानुवर्षं चौकट बघत बघत अभिनय केलेला माणूस दिग्दर्शक झाला तर नवल ते काय! शटर_बंद यांचा लेन्समध्ये बघण्याचा मुद्दा इथे अगदी उलटा होतो. हे लोक लेन्सकडे नाही, लेन्सला काय दिसतंय त्याकडे बघतात.

ऑझ काही निवेदक नव्हे, हे आधीच कबूल करते, म्हणजे शटर_बंद यांचे कष्ट वाचतील. :)

शटर_बंद

:) वाचले. आणि मॉनिटरचा मुद्दा भारी आहे. माझ्या डोक्यात आला नव्हता.

थेम्सकाठचा

इकडचं ताजं उदाहरण, आणि हे शंभर टक्के निवेदकच: रेजी येट्स. लहानपणी नट, मग बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमांचा सूत्रसंचालक, मग 'टॉप ऑफ द पॉप्स' हा गाण्यांचा कार्यक्रम, बीबीसीचा रेडिओ १, माहितीपट. 'रास्टामाउस' या मुलांच्या मालिकेतला आवाजही त्याचाच. २०२१ मध्ये स्वतः लिहून दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा आला, 'पायरेट्स'. ३१ डिसेंबर १९९९ ची एक रात्र, लंडन, तीन मित्र, एक छोटी प्यूजो गाडी आणि पार्टीची तिकिटं मिळवायची धडपड.

बघताना मला जाणवलं ते असं, की संवाद धावतात. तिघं एकमेकांचं वाक्य तोडतात, कुणी कुणाला समजावत बसत नाही. म्हणजे शटर_बंद यांनी सांगितलेला रोग याला झालेला नाही. एक कारण मधले माहितीपट असावेत. मुलांच्या कार्यक्रमातून थेट सिनेमात न जाता मध्ये काही वर्षं दुसऱ्यांचं ऐकण्याचं काम केलं. सई परांजपे यांच्याकडेही मध्ये दिल्ली दूरदर्शनची वर्षं आहेत. हे मधलं स्टेशन मला महत्त्वाचं वाटतं.

कावळोबा

मधलं स्टेशन +१. थेट गाडी पकडणारे बहुतेक रुळांवरून घसरतात.

तिसरा_असिस्टंट

मी सिनेमात सहायक आहे. मुलं असलेल्या दोन-तीन सिनेमांवर काम केलंय. इथे सगळे कलेबद्दल बोलताहेत, मी जरा कोरडं बोलतो.

आपल्याकडे २०१६ मध्ये बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये विश्रांती. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची. मिळणाऱ्या पैशांतले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. हे कागदावर झालं. आता सेटवर बघा: सकाळी पोर आलं, कपडे, केस, मेकअप, नाश्ता, आई कुठेय, यातच वेळ जातो. हातात राहतात कामाचे दोन-अडीच तास.

या दोन-अडीच तासांत कोण काय करतं यावर दिग्दर्शकाची परीक्षा. जाहिरातींतून आलेला दिग्दर्शक आधी लायटिंगला तास घालवतो, मास्टर (सगळा प्रसंग एकत्र दिसणारा शॉट) घेतो, मोठ्या नटांचे क्लोज घेतो, आणि पोराच्या क्लोजची वेळ येईस्तोवर पोर पेंगलेलं. मुलांबरोबर काम केलेला माणूस क्रम उलटा लावतो. लायटिंग पोर यायच्या आत, पोराचा क्लोज आधी, मोठे नट काय, नंतर रात्रीपर्यंत उभे राहतील. कॅमेराही पोराच्या उंचीवर. वरून खाली बघणारा कॅमेरा लावला की कितीही चांगला नट असला तरी तो 'लहान मूल' दिसतो, माणूस दिसत नाही.

आणखी एक. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले एक दिग्दर्शक आधी मुलांचे कार्यक्रम करायचे. ते पोरांना कधीच 'रड' किंवा 'हस' सांगायचे नाहीत. काहीतरी काम द्यायचे. "या डब्याचं झाकण उघड, घट्ट आहे." टेकच्या आधी आम्ही झाकण खरंच घट्ट लावून ठेवायचो. पोर झाकणाशी झगडायचं आणि कॅमेरा चालू. चेहऱ्यावर जे यायचं ते कुठल्याही सूचनेने आलं नसतं.

पीसीआर_वाले_काका

असिस्टंटराव, झाकणाची युक्ती आमच्या स्टुडिओतलीच हो! आम्ही पोरांच्या हातात फुगा द्यायचो. फुगवायला लावलं की लाजणं बंद.

नानबा_नगरकर

मला सिद्धांतच पटत नाही. मराठीत गेल्या काही वर्षांत मुलांवरचे जे उत्तम सिनेमे आले ते कुणी केले? 'किल्ला' (२०१४, बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर पुरस्कार) अविनाश अरुण यांचा, ते मुळात छायालेखक. 'एलिझाबेथ एकादशी' परेश मोकाशींचा, ते नाटकातले. यांपैकी कुणीही मुलांच्या कार्यक्रमात 'नमस्कार बालमित्रांनो' केलेलं नाही. मग ही तालीम लागतेच कशाला? मुलांना समजून घेणारा माणूस कुठूनही येऊ शकतो. तुम्ही आधी उत्तर ठरवलंय आणि मग उदाहरणं शोधताय.

खिडकीतला बाक

नानबा, ही तालीम लागतेच असं मी म्हटलेलंच नाही. ती तालीम आहे, एवढंच म्हटलं. छायालेखनही तालीम आहे, नाटकही आहे. फरक असा की छायालेखक दिग्दर्शक झाला तर 'वा, फ्रेम काय लावतो' म्हणतात, नाटकवाला झाला तर 'नटांकडून काम काढून घेतो' म्हणतात. मुलांच्या कार्यक्रमातली बाई दिग्दर्शक झाली की तिच्या आधीच्या कामाला कुणी विचारतच नाही. ते काम हिशेबात धरायचंच नाही, जणू फुगे आणि टोप्या वाटत होती.

आणि मुलांवरच्या सिनेमांपुरतं मी बोलतही नाहीये. मला जास्त रस मोठ्यांच्या सिनेमात काय उतरतं त्यात आहे. सई परांजपे यांचाच 'कथा' घ्या. श्री. ग. साठ्यांचं 'ससा आणि कासव' हे नाटक, त्यावरून सिनेमा. चाळ, साधाभोळा राजाराम, लफंगा बाशू. म्हणजे बालवाडीतली गोष्ट, जी प्रत्येकाला शेवटासकट पाठ आहे, ती घ्यायची आणि आजच्या जगात ससा कसा जिंकून निघून जातो ते दाखवायचं. मुलांना गोष्ट सांगणाऱ्याला हे बरोबर कळतं, की ऐकणाऱ्याला शेवट माहीत असला तरी बिघडत नाही, उलट तो आता तुमची चलाखी बघत बसतो. 'चश्मे बद्दूर'मध्ये दोन्ही मित्र येऊन ज्या थापा मारतात, त्या थापा आपल्याला गाण्यांसकट दाखवल्या आहेत. वर्गातलं पोर "सर, मी नं काल वाघ पाहिला" म्हणतं त्याच जातीच्या थापा. आणि दिग्दर्शिका त्या पोराला खोटं ठरवत नाही, वाघच आणून दाखवते.

शटर_बंद

हे शेवटचं पटलं. ती थापांची गाणी इतकी वर्षं मी नुसतं विडंबन म्हणून बघत आलो.

२०१३ मध्ये 'चश्मे बद्दूर' नवा करून पुन्हा थिएटरात आला तेव्हा पाहिला होता, त्याच दिवशी डेव्हिड धवनचा रिमेकही लागला होता. जुन्याला आलेली कॉलेजची पोरं त्यातल्या पानवाल्या ललन मियाँच्या उधारीला मनसोक्त हसत होती.

चांदोबाची_मावशी

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी सध्या एका वाहिनीवर मुलांचा कार्यक्रम करते. (नाव विचारू नका.) एक लघुपट करायचा आहे. दहा वर्षांची मुलगी आणि तिची आजी, घरातला गॅस संपलेला एक दिवस. कथा लिहून झाली. दोघातिघांना दाखवली तर सगळे म्हणाले 'छान आहे, पण तू स्वतःच आजी-नातीच्या मध्ये येऊन बोलतेयस असं वाटतं.' म्हणजे शटर_बंद म्हणतात तोच रोग. तर औषध काय? आणि वाहिनीवाल्यांचा आग्रह आहे की मीच त्यात छोटी भूमिका करावी, म्हणजे लोक बघतील. करू का?

थेम्सकाठचा

भूमिका अजिबात करू नका. तुम्ही चौकटीत दिसलात की घरोघरची पोरं 'ताई आली' म्हणून ओरडणार आणि आजी गेली बाजूला.

पीसीआर_वाले_काका

मावशी, कथेत प्रश्नोत्तरं किती आहेत ते मोजा. आपल्या कार्यक्रमात आपण प्रश्न विचारतो, मूल उत्तर देतं, आपण 'अरे वा' म्हणतो. ही तिहेरी चाल संवादात न कळत शिरते. नात विचारते, आजी सांगते, नात 'अय्या, हो का!' म्हणते. अशी जागा दिसली की तिसरं वाक्य काढून टाका. मग दुसरं काढता येतं का बघा. पुष्कळदा येतं.

मोरपिशी

आणि आजीला नातीच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसू दे. कार्यक्रमातल्या ताईला सगळं माहीत असतं, घरातल्या आजीला नसतं.

तिसरा_असिस्टंट

मुलगी कुठली घेताय? तुमच्या कार्यक्रमात येणाऱ्या मुलांतली घेऊ नका. ती कॅमेऱ्याला सरावलेली असतात, 'अ‍ॅक्शन' म्हटलं की कविता म्हणायच्या बेताने उभी राहतात. शेजारपाजारची, जरा अबोल अशी बघा. नियमांचं मी वर लिहिलंय ते लघुपटालाही लागू आहे, घरचं काम म्हणून सोडू नका. आईला सेटवर ठेवा पण मॉनिटरपासून लांब. पोर प्रत्येक टेकनंतर आईच्या तोंडाकडे बघतं आणि पुढच्या टेकला आईला आवडेल असं करतं.

चांदोबाची_मावशी

@काका, मोजलं. पहिल्या चार पानांतच आठ जागा निघाल्या. तिसरी वाक्यं सगळी उडवली. दुसरी उडवताना एका ठिकाणी अडले: नात विचारते, "आजोबा असते तर गॅस आणला असता ना?" यावर आजीचं मोठं उत्तर होतं, लिहिताना मला फार आवडलेलं. ते काढलं तर आजी नुसती स्टो पुसत राहते. चालेल?

@असिस्टंट, समोरच्या इमारतीत एक मुलगी आहे, कुणाशी धड बोलत नाही. तिच्या आईला विचारलंय. आई म्हणाली, "हिला घेऊन काय करणार, ही तोंडच उघडत नाही."

पीसीआर_वाले_काका

स्टो पुसू दे. आणि स्टो जुना, काजळी धरलेला आणा. नवा आणून काळा रंग लावाल तर क्लोजमध्ये लगेच कळेल.

तिसरा_असिस्टंट

मुलगी पक्की करा. पहिला दिवस कॅमेरा आणूच नका, नुसता स्टो द्या तिच्या हातात. पिन मारायला शिकवा. रॉकेल न भरता.

नानबा_नगरकर

सिद्धांत अजून पटलेला नाही. लघुपट झाला की दुवा मात्र टाका.